भातावर आमटी

उलटं पळायला मी एकोणतिसाव्या वर्षी शिकलो, तेही इंग्लंडात, ब्रॅकनेलमध्ये. आमच्या ऑफिसच्या मागे एक मैदान आहे. दर मंगळवारी संध्याकाळी तिथे हेल्मेट घातलेली दहा-बारा माणसं कंबर वाकवून जोरात मागे मागे पळायची आणि शिट्टी वाजली की गर्रकन वळायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी आईशी फोनवर बोलत होतो. म्हटलं, "आई, इथे वेड्यांचं संमेलन भरलंय, सगळे उलटे पळतायत." त्यातला एक जण थांबला, हेल्मेट काढलं आणि म्हणाला, "मला सगळा कळला तू काय बोलला."

तो देव. स्लाऊमध्ये जन्मलेला, तेव्हा एकवीस वर्षांचा. मराठी अशीच मोडकी, पण बोलायची हौस दांडगी. मी चांगलाच ओशाळलो. तो हसला आणि म्हणाला, "ये ना, ट्राय कर. दिसते त्याच्यापेक्षा हार्ड आहे."

मी नागपूरला कॉलेजात कबड्डी खेळलेलो, डावा कोपरा. चढाईला आलेल्याच्या कंबरेकडे बघायचं, डोळ्यांकडे नाही. डोळे फसवतात, कंबर जिकडे वळते तिकडेच माणूस जातो, हे सरांनी मला छडीच्या मदतीने शिकवलं होतं. इथल्या कोचने, ग्लेनने, पहिल्या दिवशी तेच सांगितलं, फक्त छडीशिवाय. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. दोन आठवड्यांत मी क्लबची वर्गणी भरून मोकळा झालो.

पुढचं कळायला हा खेळ थोडा सांगावा लागेल. अमेरिकन फुटबॉलमध्ये समोरचा एक जण चेंडू हाताने लांब फेकतो आणि त्याचे दोन-तीन गडी तो झेलायला पळतात. त्यांना झेल मिळू न देणं हे आमचं काम. मी कॉर्नर, म्हणजे मैदानाच्या कडेला, पळणाऱ्याच्या थेट समोर. देव सेफ्टी, म्हणजे माझ्या मागे पंधरा पावलांवर, सगळ्यांत शेवटी. माझ्या हातून सुटला तर देवने पकडायचा. देवच्या हातून सुटला तर टचडाउन, सहा गुण, विषय संपला.

कॉर्नरला दर वेळी एकच गोष्ट माहीत असावी लागते: मागे कुणी आहे की नाही. सेफ्टी मागे असेल तर मी जवळचा झेल तोडायला थांबायचं आणि गडी लांब पळाला तर खुशाल जाऊ द्यायचा, तो सेफ्टीचा. मागे कुणी नसेल तर जवळचं गेलं खड्ड्यात, मी आधीच मागे सुटायचं. दोन्ही एकदम जमत नाही. आणि मागे वळून बघायचीही सोय नाही, तेवढ्यात समोरचा पसार होतो. म्हणून सेफ्टी ओरडून सांगतो, मी 'वर' आहे, म्हणजे तुझ्या मागे राखणीला, किंवा तू 'एकटा', आणि कॉर्नर ऐकतो. कबड्डीत साखळी करताना जोडीदाराचा हात आपल्या हातात असतो, तो घाबरला तरी कळतं. इथे नुसत्या आवाजावर भरवसा.

पहिल्या वर्षी आम्ही इंग्रजीत ओरडायचो आणि समोरच्यांना पाच मिनिटांत सगळं समजायचं. अशाच एका रविवारी हरून देवच्या घरी जेवायला बसलो होतो. देव म्हणाला, मराठीत ओरडू. मी म्हटलं, अरे इकडे निम्म्या संघांत पंजाबी नाहीतर गुजराती पोरं आहेत, 'वर' आणि 'एकटा' त्यांना कळणार नाही होय? देवची आई, शिल्पाकाकू, मला वाढत होत्या. भातावर आमटी घालता घालता त्या म्हणाल्या, "मग हेच घ्या की. आमटी नेहमी भातावर येते. देव वर असेल तर त्याने 'आमटी' ओरडायचं. नसेल तर 'भात'. नुसता भात, खा एकटा!"

आम्ही पोट धरून हसलो आणि तेच ठेवलं. दोन वर्षं आम्ही इंग्लंडच्या मैदानांवर आमटी-भात ओरडत फिरलो आणि एकाही माईच्या लालाला त्याचा अर्थ लागला नाही. ग्लेनलाही आम्ही तो सांगितला नव्हता. तो म्हणायचा, "मला नका सांगू, मला तो उच्चारताही येणार नाही. फक्त माणूस सुटू देऊ नका." शिवाय त्याचा नियमच होता, खुणा कुठे लिहायच्या नाहीत, ग्रुपवर टाकायच्या नाहीत, कारण आदल्या वर्षी एक जण क्लब सोडून जाताना सगळ्या खुणा फोनमध्ये घेऊन गेला होता. तेव्हा आमटी म्हणजे काय हे जगात तीनच माणसांना ठाऊक होतं. मी, देव आणि काकू.

काकूंबद्दल सांगायचं तर, मला न्यूमोनिया झाला तेव्हा अकरा दिवस मी त्यांच्या घरी होतो. देवच्या खोलीत मी, देव खाली सोफ्यावर. काकू दर चार तासांनी ताप बघायच्या. मॅचचं चित्रीकरण करायलाही त्याच यायच्या. घर रंगवायची शिडी आणायची, कडेला मांडायची आणि त्यावर चढून कॅमेरा धरायचा. मॅच संपली की मला एक डबा मिळायचा. देवपेक्षा माझा डबा मोठा असतो म्हणून देव कुरकुर करायचा. मी आईला फोनवर म्हणायचो, तू माझी काळजी करू नकोस, इथेही एक आई आहे.

या वर्षी ग्लेनने सांगितलं की दक्षिण विभागाचा निवडक संघ ऑगस्टमध्ये जर्मनीला जाणार आहे आणि प्रत्येक क्लबातून मागच्या फळीतला एकच खेळाडू घेणार आहेत. म्हणजे मी किंवा देव. मला बत्तीस पूर्ण झालेली, गुडघे सकाळी जिना उतरताना बोलू लागलेले. पुढच्या वर्षी मला कुणी विचारणार नव्हतं. देव चोवीसचा. "सध्या तरी तूच," ग्लेन मला बाजूला घेऊन म्हणाला होता, "पण कॉव्हेंट्रीच्या मॅचनंतर नाव कळवीन." मी उतावळा माणूस, जर्मनीच्या व्हिसाची अपॉइंटमेंटही घेऊन बसलो. आईने नागपुरात चार घरी सांगितलं. तिला खेळ कळत नाही, पण जर्मनी कळतं.

कॉव्हेंट्रीची मॅच आमच्या मैदानावर होती. चाळीस सेकंद उरलेले, आम्ही वीस-सोळा असे पुढे. निवड समितीचा एक माणूस हिरवं जॅकेट घालून कडेला वही घेऊन उभा होता. माझ्यासमोर त्यांचा सगळ्यांत जलद गडी. चेंडू सुटायच्या आधी मागून देवचा आवाज आला, खणखणीत, दोनदा: "आमटी! आमटी!"

मी ऐकलं आणि थांबलो. समोरचा माझ्या अंगावर आला, मी छातीवर हात ठेवून त्याला आत ढकलला, तो निसटून मागे पळाला आणि मी त्याला जाऊ दिला. तसंच करायचं असतं. मागे देव होता. मी जवळच्या झेलावर डोळा ठेवून उभा राहिलो आणि चेंडू माझ्या डोक्यावरून गेला. वळलो तर मागे तीस पावलं नुसतं गवत. देव मैदानाच्या मधोमध होता. चेंडू फेकणाऱ्याने मधे बघितलं, देव त्याच्या डोळ्यांना भुलला आणि हिरव्या जॅकेटवाल्यासमोर झेल हिसकवायला पुढे धावला. समोरच्या गड्याने चालत चालत टचडाउन केलं. आम्ही हरलो.

देव धावत माझ्याकडे आला. "सॉरी, सॉरी, मी पुढे गेला. त्याचा डोळा मधे होता, मला वाटला मिळेल." मी त्याच्या हेल्मेटवर टपली मारली. म्हटलं, "होतं रे. चल." मला खरंच राग आला नव्हता. चूक कुणाकडूनही होते, आणि त्याने ती कबूल केली होती. विषय तिथेच मिटला असं मला वाटलं.

मंगळवारी संध्याकाळी क्लबहाउसमध्ये सगळे चित्रफीत बघायला जमलो. काकूही होत्या, कारण कॅमेरा आणि लॅपटॉप त्यांचा. त्यांनी सगळ्यांसाठी फ्लास्क भरून चहा आणला होता. ग्लेनने ती शेवटची खेळी लावली.

आता कॅमेऱ्याचं असं आहे की तो चेंडूच्या मागे जातो. काकू शिडीवरून जे दाखवत होत्या त्यात मी होतो, कॉव्हेंट्रीचा गडी होता आणि चेंडू होता. देव चित्रात कुठेच नव्हता. जे दिसत होतं ते असं: गडी पळतोय, आणि अपूर्व महाशय, म्हणजे मी, बस चुकल्यासारखे उभे आहेत. कुणीतरी खुदकन हसलं. ग्लेनने ती खेळी तीनदा लावली आणि तिन्ही वेळा मी उभाच होतो.

"अपूर्व," ग्लेन म्हणाला, "का थांबलास?"

"मला सांगितलं होतं मागे आहे म्हणून," मी म्हटलं. "आवाज वाढव, ऐकू येईल."

ग्लेनने आवाज वाढवला. वारा, कुणाचं तरी खोकणं, आणि मग स्पष्ट: "आमटी! आमटी!" मी निश्चिंत झालो. आता देव म्हणेल, हो, मीच ओरडलो, मीच पुढे गेलो. मी त्याच्याकडे बघितलं. तो बुटाची लेस बघत होता.

"त्याचा अर्थ काय?" ग्लेनने विचारलं.

देव खालीच बघत इंग्रजीत म्हणाला, "म्हणजे तो एकटा. लांबचा झेल त्याचा. मी मधे जाणार."

मला आधी कळेचना. वाटलं, घाबरून शब्द उलटे झाले असतील. "देव," मी म्हटलं, "आमटी म्हणजे तू वर. तू मैदानावर मला सॉरी म्हणालास."

"हरलो म्हणून म्हणालो," देव म्हणाला.

ग्लेन दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. नंतर त्याला सुचलं, आणि सुचणारच होतं. तो काकूंकडे वळला. "शिल्पा, तुम्हाला माहीत असेल. कुठला शब्द कुठल्यासाठी?"

मी शपथेवर सांगतो, त्या क्षणी मला देवची दया आली. वाटलं, बिचारा आता आईच्या तोंडून खोटा पडणार, सगळ्यांसमोर. काकूंच्या हातात चहाचा कप होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, नीट बघितलं, ताप बघायच्या तसं. मग ग्लेनकडे बघून म्हणाल्या, "मुलंच ठरवतात सगळं. पण मला वाटतं... आमटी म्हणजे अपूर्व एकटा."

माझं डोकं फिरलं. माझं डोकं तसंही लवकर फिरतं, पण इतकं कधी फिरलं नव्हतं. मी उठून मराठीत ओरडलो, "काकू! आमटी भातावर येते हे कोण म्हणालं होतं? तुम्ही! माझ्या ताटात वाढताना! आता भात आमटीवर यायला लागला का?"

मग माझ्या लक्षात आलं की बाकीच्या वीस जणांना काय दिसतंय. एक मोठा माणूस, जो उभा राहिल्यामुळे मॅच गेली, तो आता सगळ्यांना चहा आणणाऱ्या बाईवर परक्या भाषेत ओरडतोय. ग्लेन उठला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मित्रा, देवच्या आईला यात ओढू नकोस." मी इंग्रजीत सगळं सांगायला लागलो, स्वयंपाकघर, वाढणं, डाळ, भात. जसजसं सांगत गेलो तसतसं ते मलाच हास्यास्पद वाटायला लागलं. शेवटी ग्लेन म्हणाला, "चुकलं ते चुकलं. कॉर्नरची आठवण कमी असावी लागते. विसर आणि पुढच्या खेळीला उभा राहा."

त्याचं खरं आहे. हा खेळातला पहिला धडा आहे, मार खाल्ला की विसरायचं. फक्त तो धडा समोरच्यांनी दिलेल्या मारासाठी आहे. घरच्यांनी दिलेला कसा विसरायचा हे ग्लेनच्या पुस्तकात नव्हतं.

शुक्रवारी नाव गेलं. देवचं. मी व्हिसाची अपॉइंटमेंट रद्द केली आणि आईला सांगितलं की ऑफिसात सुट्टी मिळाली नाही. खोटं मीही बोललो, पण ते फक्त माझ्यावर घेतलं.

तीन आठवड्यांनी काकूंचा फोन आला. मी दोनदा उचलला नाही, तिसऱ्यांदा उचलला. "अपूर्व, अरे, एक काम होतं. देवला तिकडे कॉर्नर खेळायला सांगितलंय. सेफ्टी म्हणे त्यांच्याकडे आहेत दोन. याला ते उलटं पळणं तुझ्यासारखं येत नाही. शनिवारी सकाळी येशील? तुझ्याशिवाय कोण शिकवणार रे त्याला?"

निर्लज्जपणाचीही हद्द असते असं म्हणतात. मी फोन ठेवून खोलीभर शिव्या देत फिरलो. आणि शनिवारी सकाळी नऊ वाजता स्लाऊला त्यांच्या घराजवळच्या मैदानावर हजर झालो. का गेलो? त्या माफी मागतील म्हणून. दुसरं काही नाही. एवढंच म्हणाव्यात की अपूर्व, मी खोटं बोलले. ग्लेनला नाही सांगितलं तरी चालेल, जर्मनी नको, फक्त मला सांगोत. तेवढ्यासाठी मी बारा मैल गेलो.

काकू कॅमेरा घेऊन आल्याच होत्या, देवचं उलटं पळणं टिपायला. देव लांब, हेल्मेट घालून, माझी नजर चुकवत पाय मोकळे करत होता. काकू माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "तुला नोकरी आहे, मान आहे. त्याने युनिव्हर्सिटी सोडल्यापासून त्याला हे एकच आहे रे. वेअरहाउसमधून येतो आणि भिंतीकडे बघत बसतो. तू समजूतदार आहेस."

मी वाट बघितली. पण त्यांचं बोलून झालं होतं. समजूतदार! आपल्याकडे एखाद्याला समजूतदार म्हटलं की ओळखावं, त्याच्या पानातलं दुसऱ्याला वाढून झालेलं आहे.

मी देवकडे गेलो आणि शिकवायला लागलो. मन लावून शिकवलं. चुकीचं शिकवून पाठवता आलं असतं, रात्री तसा विचारही केला होता, पण पाय ऐकेनात. वजन चवड्यांवर. टाचा टेकल्या की मेलास. नाक बोटांच्या पुढे. समोरच्याच्या कंबरेकडे बघ, तो डोळे मिचकावेल, मान हलवेल, बघू नकोस. कंबर वळली की वळ, त्याआधी नाही. वळताना उभा होऊ नकोस. मी पळणारा झालो, तो कॉर्नर. वीसदा त्याला चकवलं. एकविसाव्यांदा तो माझ्याबरोबर वळला आणि मला बरं वाटलं, हे लिहितानाही लाज वाटते.

दम खायला मी काकूंपाशी येऊन पाणी प्यायलो. देव लांब एकटाच उलटा पळत होता. काकू त्याच्याकडे बघत होत्या आणि चेहऱ्यावर काळजी होती. खरी काळजी, अकरा दिवस मी बघितलेली.

"त्याच्या मागे तिकडे कोण असेल रे?" त्यांनी विचारलं.

"कॉव्हेंट्रीचा कुणी जय आहे म्हणे."

"चांगला आहे का?"

"खेळतो चांगला."

"म्हणजे सांभाळेल ना याला? आपला ना ओळखीचा, ना काही. हा सगळा त्याच्या भरवशावर. मागे आहे म्हणाला आणि नसला तर?"

मी बाटलीचं झाकण लावलं. इतके दिवस जे ओरडायचं होतं ते आता ओरडावंसं वाटेना.

"ते जयवर नाही, काकू," मी म्हटलं. "त्याची आई मॅच बघायला येणार आहे का, ते बघा. आईसमोर त्याची चूक झाली, तर तुमचा देव मेला."

काकूंच्या हातातला कॅमेरा खाली आला. मी बॅग उचलली आणि गेटकडे चालायला लागलो.

मला जाताना बघून देव थांबला. "आई!" तो लांबून ओरडला. "कुठे चालला तो? काय म्हणाला?"

मी चालत राहिलो, पण कान मागे होते. अजूनही मला वाटत होतं, आता तरी. निदान त्याला तरी.

"काही नाही रे," काकूंचा आवाज आला, थोडा कापरा, पण स्पष्ट. "कंबर खाली ठेव म्हणाला."

गेटपाशी पोचून मी एकदा वळून बघितलं. देवने खरोखरच कंबर खाली नेली होती आणि तो उलटा पळत होता, मी सांगितलं होतं अगदी तसा.